दोन दिवे एकाखाली एक

रात्री साडेअकराला जहाजावरच्या माझ्या केबिनमधला फोन वाजतो. ब्रिजवरचा, म्हणजे जहाज चालवतात त्या वरच्या खोलीतला, सीमन एवढंच म्हणतो, "सेकंड साब, वॉच." मी मोठा दिवा न लावता उठतो, तोंडावर पाणी मारतो, कपडे चढवतो आणि जिन्याने वर जातो. ब्रिजच्या दारामागे जाड पडदा असतो. तो सारून आत पाऊल टाकलं की मिट्ट काळोख. नवा कॅडेट पहिल्यांदा रात्री वर येतो तेव्हा पडद्यापाशीच अडखळतो, कारण इतके महागडे पडदे, कळा आणि यंत्रं असलेली खोली अंधारी असेल अशी त्याची कल्पनाच नसते.

वर आल्या आल्या मी वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, घेत नाही. पंधरा मिनिटं नुसता खिडकीपाशी उभा राहतो. डोळे अंधाराला सरावल्याशिवाय येणाऱ्या ऑफिसरने वॉच घ्यायचा नाही, हा जगभरच्या जहाजांना लागू असलेला नियम आहे. मला तो सगळ्या नियमांत शहाणा वाटतो. सुरुवातीला आपल्याच जहाजाचे कठडे तेवढे ओळखू येतात. मग क्षितिजाची रेघ उमटते. तारे वाढत जातात. सगळ्यांत शेवटी पाण्यावरचे बारके, पिवळट दिवे दिसायला लागतात. मी पडदा सारून आत आलो तेव्हाही ते तिथेच होते.

१२ ते ४ हा सेकंड ऑफिसरचा वॉच, दुपारचाही आणि रात्रीचाही. त्याच्या आधीचा ८ ते १२ थर्ड ऑफिसरचा आणि नंतरचा ४ ते ८ चीफ ऑफिसरचा. व्यापारी जहाजांवर ही वाटणी बहुतेक ठिकाणी अशीच असते. जुने खलाशी ऑफिसरला 'मालम' म्हणायचे. सारंग, तांडेल, सुकाणी, भंडारी हे सगळे त्याच बोलीतले शब्द. त्यातला 'तांडेल' हा शब्द मी जहाजावर पाय ठेवण्याच्या कितीतरी आधी ऐकला होता, कारण माझे बाबा तांडेल होते.

आमचं गाव हर्णै. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, अलीकडे कनकदुर्गावर दीपगृह. संध्याकाळी बोटी आल्या की बैलगाड्या पाण्यात शिरतात, मासळी भरून वाळूवर येतात आणि लिलाव सुरू होतो. लोक आता ते बघायला पुण्यामुंबईहून येतात. आमच्या घरात त्या लिलावावर महिन्याचं किराणा सामान ठरायचं. होडी नाखव्याची, म्हणजे मालकाची, बाबा तिचे तांडेल. म्हणजे होडी कुठे न्यायची, जाळं कुठे टाकायचं आणि चार-पाच माणसांना घरी कसं परत आणायचं, हे सगळं त्यांच्यावर.

मी अकरा वर्षांचा असताना मे महिन्याच्या सुट्टीत त्यांनी मला एकदा बरोबर नेलं. पावसाळ्यात मासेमारी बंद होते, त्याच्या थोडं आधी. जाळं टाकून झालं होतं, इंजिन बंद होतं, होडी जाळ्याला बांधल्यासारखी डुलत होती. बाकीचे झोपले होते. बाबांनी मला उठवलं आणि लांबवर बोट दाखवलं. दोन पांढरे दिवे होते, एक खाली, एक वर.

"जहाज आहे," ते म्हणाले. "पुढचा दिवा खाली असतो, मागचा वर. दोघांत अंतर दिसतंय ना? म्हणजे ते आडवं चाललंय. अंतर कमी व्हायला लागलं की समजायचं, ते आपल्याकडे वळतंय. आणि दोन्ही दिवे एकाखाली एक आले, की ते आपल्यावरच येतंय."

"मग काय करायचं?"

"मग कोयता घ्यायचा."

कोयता जाळ्याचा दोर तोडायला. जाळं सोडल्याशिवाय होडी हलू शकत नाही. त्या रात्री ते दिवे एकाखाली एक आले नाहीत, पण ते दिसेनासे होईपर्यंत मी झोपलो नाही.

बारावीनंतर मी नॉटिकल सायन्सचा एक वर्षाचा डिप्लोमा केला, मग अठरा महिने कॅडेट म्हणून काढले आणि सेकंड मेटच्या परीक्षेला बसलो. तोंडी परीक्षेत समुद्रावर टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम शब्दन् शब्द पाठ लागतात. हे नियम १९७२ सालचे, १५ जुलै १९७७ पासून लागू झालेले. परीक्षकांनी टेबलावर लाकडी जहाजं मांडली, एक माझ्याकडे तोंड करून सरळ ठेवलं आणि विचारलं, "रात्री हे तुला कसं दिसेल?" मी सांगितलं: मास्टहेडचे, म्हणजे डोलकाठीवरचे, दोन्ही पांढरे दिवे एका उभ्या रेषेत, खाली एकीकडे लाल, एकीकडे हिरवा. उत्तर बरोबर होतं. मास्टहेडचा दिवा २२५ अंशांत दिसतो, बाजूचे प्रत्येकी साडेएकशे बारा अंशांत, मागचा १३५ अंशांत, हेही सांगितलं. बोलताना माझ्या डोळ्यांसमोर बाबांचं बोट होतं. चौथी शिकलेल्या माणसाने मला पाच वाक्यांत दिलेला धडा इथे पानंच्या पानं पसरला होता, आणि दोन्हींत तसूभर फरक नव्हता.

त्याच नियमांत लिहिलंय की यंत्राने चालणाऱ्या जहाजाने मासेमारीत गुंतलेल्या बोटीच्या वाटेतून दूर व्हायचं. जाळं टाकून बसलेल्या बोटीने वर लाल आणि खाली पांढरा दिवा लावायचा, ट्रॉलचं जाळं ओढणाऱ्या बोटीने वर हिरवा आणि खाली पांढरा. पाठ करताना मला सारखं वाटत होतं, असे दिवे लावलेली होडी आपण हर्णैच्या बंदरात कधी पाहिल्याचं आठवत नाही. आमच्याकडे एक कंदील असायचा, नंतर बॅटरीवरचा बल्ब आला. हल्ली बाजारात मिळणारे लाल-निळे-हिरवे लुकलुकणारे एलईडी असतात. जहाजांवरचे ऑफिसर त्या दिव्यांना वैतागतात, कारण त्यावरून बोटीचं तोंड कुठे आहे, जाळं कुठे आहे, काहीच कळत नाही. वैताग मला समजतो. पण तो दिवा विकत घेणारा माणूसही मला माहीत आहे. हातात आलेल्या पैशांत जास्तीत जास्त उठून दिसेल असा दिवा त्याने निवडलेला असतो. आपण दिसावं एवढंच त्याला हवं असतं.

ब्रिजवरून आणि होडीवरून समुद्र सारखा दिसत नाही, हे मी आकडे मांडून बघितलं तेव्हा मला खरं उमगलं. आमच्या ब्रिजवर उभं राहिलं की डोळे पाण्यापासून साधारण २५ मीटर उंच असतात, तिथून क्षितिज दहा सागरी मैलांवर. होडीत उभ्या माणसाचे डोळे दोन मीटरवर, त्याचं क्षितिज जेमतेम तीन मैल. वाटतं, उंचावरच्यालाच जास्त दिसणार. पण रात्री हिशेब उलटा होतो. मोठ्या जहाजाचा मास्टहेड दिवा किमान सहा मैलांवरून दिसला पाहिजे, लहान बोटीचा दिवा किमान दोन मैलांवरून, असं नियमच सांगतो. जहाज ताशी १२ मैलांनी चाललं असेल, तर सहा मैलांना अर्धा तास लागतो आणि दोन मैलांना दहा मिनिटं. म्हणजे बाबांना मी अर्धा तास दिसत असतो. मला बाबा दहा मिनिटं दिसतात. तेही दिवा चांगला असला तर.

आणखी एक आकडा आहे, तो मला जास्त छळतो. ब्रिज मागे असतो आणि पुढे जहाजाचं लांबलचक धूड, त्यामुळे नाकासमोरच्या पाण्याचा एक पट्टा आम्हाला दिसतच नाही. नियमाप्रमाणे तो जहाजाच्या दुप्पट लांबीपेक्षा किंवा ५०० मीटरपेक्षा, जे कमी असेल त्यापेक्षा मोठा नसावा. म्हणजे ५०० मीटरपर्यंत चालतो. त्या पट्ट्यात शिरलेली होडी ब्रिजवरच्या माणसाच्या लेखी नाहीशी होते. १२ नॉटच्या, म्हणजे ताशी १२ सागरी मैलांच्या, वेगाला ५०० मीटर म्हणजे मिनिट आणि वर वीस सेकंद.

आता ती रात्र. मी थर्ड ऑफिसर झालो होतो, पहिलाच करार, ८ ते १२ चा वॉच. टँकर कच्छच्या आखातातून माल भरून दक्षिणेला निघाला होता. नोव्हेंबर महिना, वायव्येकडून वारा, पाण्यावर बऱ्यापैकी लाटा. अशा वेळी लाटांचेच प्रतिध्वनी रडारच्या पडद्यावर उमटतात, मध्यभागी सगळा पांढरा चुरा दिसतो. तो कमी करण्यासाठी 'क्लटर'चं एक बटण असतं. मी ते फिरवलं. चुरा गेला नाही म्हणून अजून फिरवलं. पडदा स्वच्छ झाला, मला बरं वाटलं. लाकडाच्या आणि फायबरच्या होड्यांचा प्रतिध्वनी लाटेइतकाच क्षीण असतो, आणि लाट पुसली की होडीही पुसली जाते, हे मला वर्गात शिकवलेलं होतं. परीक्षेत मी ते लिहिलंही होतं.

लुकआउटला, म्हणजे टेहळणीला, तुतीकोरिनचा एक वयस्कर सीमन होता. डाव्या खिडकीपाशी तो बराच वेळ न हलता उभा होता. अचानक म्हणाला, "सर, कुछ है." मी रडार पाहिलं, काही नव्हतं. आसपासच्या जहाजांची ओळख दाखवणाऱ्या एआयएसवर काही नव्हतं. मी म्हटलं, "काही नाहीये." तो पुन्हा तेच म्हणाला, या वेळी हात लांब करून. मी दुर्बीण लावली. आधी फक्त पाणी. मग पाण्यात एक जागा अशी दिसली की जिथे पाणी चमकत नव्हतं. आणि तेवढ्यात तिथे एक टॉर्च पेटला.

ऑटोपायलट काढून सीमनने चाक हातात घेतलं आणि मी सुकाणू पूर्ण उजवीकडे द्यायला सांगितलं. जहाज लगेच वळत नाही. तोंड वळायला लागलं की शेपूट उलट्या दिशेला, म्हणजे होडीच्याच बाजूला, झुगारलं जातं. म्हणून होडी नाकापासून निसटल्यावर सुकाणू डावीकडे द्यायचं, म्हणजे शेपूट तिच्यापासून लांब जातं. ते मी केलं, की सीमनने माझ्या तोंडून शब्द यायच्या आत केलं, आज मला नक्की सांगता येणार नाही. मी डाव्या विंगवर, ब्रिजच्या बाजूच्या उघड्या सज्जावर, धावलो. होडी एका केबलपेक्षाही, म्हणजे सागरी मैलाच्या दहाव्या भागापेक्षाही, जवळून मागे सरकत होती, शंभर-सव्वाशे मीटर असेल. टॉर्च डोक्यावर धरून एक माणूस उभा होता. त्याच्या पायाशी स्टोव्ह पेटलेला होता, आणि स्टोव्हवर एक पातेलं. त्या निळ्या ज्योतीच्या उजेडात मला पातेल्याचा कान दिसला. माणसाचा चेहरा दिसला नाही.

मी कॅप्टनना बोलावलं. खरं तर खूप आधी बोलवायला हवं होतं. 'शंका आली की बोलवा' असं त्यांच्या रात्रीच्या आदेशांत रोज लिहिलेलं असायचं. ते आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "क्लटर कितीवर होतं?" मग स्वतः बटण मागे फिरवलं. चुरा परत आला, आणि मागे, आमच्या वाटेच्या डावीकडे, प्रत्येक फेरीला त्याच जागी उमटणारा एक ठिपका दिसला. बाकीचे ठिपके जागा बदलत होते. तो बदलत नव्हता. "तो बघ," ते म्हणाले, आणि खाली गेले. मला ते ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

करार संपवून घरी गेलो तेव्हा कितीतरी दिवस मी हे बाबांना सांगितलं नाही. एका संध्याकाळी ते अंगणात जाळं शिवत बसले होते, मी शेजारी बसलो आणि सांगून टाकलं. रडार, बटण, टॉर्च, पातेलं, सगळं. त्यांनी सुई थांबवली नाही. माझं संपल्यावर विचारलं, "जाळं वाचलं का त्यांचं?"

मला माहीत नव्हतं. इतक्या महिन्यांत त्या रात्रीचा प्रत्येक सेकंद मी मनात फिरवून पाहिला होता, पण जाळं मला एकदाही आठवलं नव्हतं. होडीच्या एका टोकाला बांधलेलं, पाण्यात लांबवर पसरलेलं, दुसऱ्या टोकाला काठीवर झेंडा लावलेलं जाळं. मी उजवीकडे वळलो तेव्हा ते कोणत्या बाजूला होतं? आमच्या पंख्याने ते कापलं का? आणि कापलं असेल तर ते नव्याने घेईपर्यंत त्या चार-पाच घरांत काय झालं असेल? मी तांडेलाचा मुलगा. हे मला सगळ्यांत आधी सुचायला हवं होतं.

मग बाबा बोलायला लागले. या गोष्टी त्यांनी आम्हाला कधी सांगितल्या नव्हत्या, आईला काळजी नको म्हणून. थकलेला माणूस होडीच्या लाकडावर डोकं टेकून झोपतो, तेव्हा जहाज दिसायच्या आधी त्याच्या पंख्याची धडधड लाकडातून कानात येते. ती ऐकून ते कितीदा तरी जागे झाले होते. भोंग्याचंही सांगितलं. जहाज पाच छोटे भोंगे देतं, म्हणजे 'तुमचा इरादा मला कळत नाही.' "आमचा कसला इरादा?" बाबा म्हणाले. "जाळं पाण्यात आहे. आम्ही तिथेच असणार." दोनदा त्यांनी कोयत्याने दोर तोडला होता. त्यातल्या एकदा जहाज शेवटी वळून गेलं. तेव्हा सुटका झाली म्हणून आनंद झाला नव्हता, जाळं फुकट गेल्याचं दुःख झालं होतं.

१ मार्च २०१२ ला केरळात अलप्पुळाच्या किनाऱ्याबाहेर एका मालवाहू जहाजाने मच्छीमार बोटीला धडक दिली, त्यात पाच मच्छीमार गेले. आमच्या धंद्यात त्यावर पुष्कळ बोललं गेलं, परिपत्रकं निघाली. मला त्या बातमीतले आकडे वाचताना नेहमी तो पातेल्याचा कान आठवतो.

लोक विचारतात, आता इतकी यंत्रं आल्यावर तुम्ही तिथे उभे राहून करता काय? यंत्रं आहेत, आणि ती चांगली आहेत. एआयएसमुळे समोरच्या जहाजाचं नाव, वेग, दिशा पडद्यावर येते. पण छोट्या होड्यांवर ते नसतं. २० मीटरच्या वरच्या बोटींना ते बसवायचं, असं आपल्या सरकारने २६/११ नंतर ठरवलं. बाबांची होडी त्यात कधीच बसली नसती. नियमाच्या पुस्तकात टेहळणीबद्दलचा पाचवा नियम आहे, त्यात साधनांचा उल्लेख येतो, पण त्याच्या आधी डोळे आणि कान येतात. तो क्रम मला फार मोलाचा वाटतो.

बंदरातलं काम, माल चढवणं-उतरवणं, तपासण्या, संपता न संपणारी कागदपत्रं, २४ तासांत दहा तास विश्रांती झाल्याचे भरायचे तक्ते, हे सगळंही ऑफिसरचंच. त्याबद्दल लिहायला मला आज मन होत नाही. एक गोष्ट मात्र सांगतो. जहाजाचा मार्ग आखायचं काम सेकंड ऑफिसरचं असतं. एका धक्क्यापासून दुसऱ्या धक्क्यापर्यंतची रेघ मी काढतो, कॅप्टन ती तपासून सही करतात. कोकण किनाऱ्यावरून जाताना, विशेषतः नारळी पौर्णिमेनंतरच्या महिन्यांत, मी ती रेघ बाहेर ढकलतो. एका नव्या कॅप्टननी विचारलं होतं, इतकं बाहेर कशाला? मी त्यांना हिशेब दाखवला: १०० मैलांत रेघ दहा मैल बाहेर नेली तर अंतर वाढतं अर्धा मैल. १२ नॉटला अडीच मिनिटं. त्यांनी सही केली. पुढच्या खेपेला त्यांनीच मला विचारलं, "बाहेरून आखलीस ना?"

तरी बोटी भेटतातच. हल्ली बऱ्याच बोटी चांगल्या खोल पाण्यात जातात. गेल्या ऑक्टोबरमध्ये कोचीकडे जाताना दोनच्या सुमाराला हर्णै डावीकडे आलं. किनारा दिसत नव्हता, तेवढ्या अंतरावरून दिसणारही नव्हता. मोबाईलला रेंज नव्हती. बाबा आता होडीवर जात नाहीत, त्या वेळी झोपलेले असणार. मी विंगवर जाऊन थोडा वेळ त्या बाजूला बघत उभा राहिलो आणि परत आत आलो.

साडेतीनच्या पुढे, गुहागरच्या बाहेर, समोर दिव्यांचा झुबका आला. मी मोजले, अठरा. त्यांच्या बाहेरून जाता येईल असा मार्ग मी आधीच धरला होता. तेवढ्यात डावीकडच्या टोकाचा एक दिवा विझला आणि लगेच पुन्हा लागला. थोड्या वेळाने त्याच्या शेजारचा विझला आणि लागला. लुकलुकणारे दिवे नव्हते ते, साधे पांढरे होते. साधा दिवा असा विझून लागतो, तेव्हा त्याच्या पुढून काहीतरी जात असतं. मी क्लटरचं बटण मागे फिरवून रडारवर शोधलं. तिथे काही नव्हतं. दुर्बिणीतून पाहिलं, काळ्या पाण्यावर त्याहून काळी एक रेघ. बिनदिव्याची होडी, बाकीच्यांपेक्षा आमच्या जवळ. जहाज आणखी पंचवीस अंश उजवीकडे घेतलं, आणि जाळं किती लांब असेल याचा अंदाज धरून तसंच पुढे नेलं.

पावणेचारला चीफ ऑफिसर वर आला. मी त्याला मार्ग, वेग, जवळची जहाजं, कॅप्टनचे आदेश, सगळं सांगितलं. मग म्हटलं, एक होडी आहे, दिवा नाही, रडारवरही नाही. त्याने खिडकीतून पाहिलं.

"कहाँ?"

मी त्याला डाव्या विंगवर नेलं. बोट धरून दाखवलं, त्या दोन दिव्यांच्या खाली, थोडी अलीकडे.

"दिखी?"

"नहीं."

"रुकिए."

आम्ही दोघं कठड्याला टेकून उभे राहिलो. चार वाजले. सीमन बदलला. चीफ ऑफिसर मान जराही न हलवता बघत होता. दोन-तीन मिनिटं गेली असतील.

"हाँ," तो म्हणाला. "है."

मग मी वॉच त्याच्या हवाली केला.